ब्रँड डगमगतोय, डीलरने काय बघायचं? शेव्हरोलेचं उदाहरण

व्हिडिओत डीलरचं गणित घाईत उरकलं, म्हणून इथे नीट मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

18 मे 2017. जनरल मोटर्सने जाहीर केलं, की वर्षअखेरीपासून भारतात शेव्हरोले विकणार नाही. बीट, क्रूझ, टवेरा, सगळं बंद. लोकांना धक्का बसला, पण आकडे आधीपासून ओरडत होते. 2013 मध्ये 1.14 लाख टवेरा दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या. 2016-17 मध्ये देशात विकल्या गेल्या फक्त 25,823 गाड्या, म्हणजे अख्ख्या भारतात महिन्याला साधारण 2,150. त्याच वर्षी निर्यात मात्र 70,969!

इथेच माणूस फसतो. "तळेगावचा प्लांट जोरात चालू आहे, कंपनी कुठे जातेय?" अहो, प्लांट बाहेरच्या देशांसाठी चालू होता, तुमच्या शोरूमसाठी नाही. त्यात 2015 मध्ये 1 अब्ज डॉलर गुंतवणुकीची घोषणा झालेली. ती ऐकून कोणी कर्ज काढून शोरूम वाढवलं असेल, तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. मीही फसलो असतो.

आता गणित. आकडे समजुतीसाठी घेतलेत.

भाडं, पगार, लाइट बिल मिळून महिन्याचा ठरलेला खर्च 20 लाख. वर्कशॉप आणि स्पेअर पार्ट्समधून सुटतात 12 लाख. उरलेले 8 लाख गाड्या विकून काढायचे. एका गाडीमागे 20 हजार सुटले तर 40 गाड्या लागतात. ठीक आहे, जमेल.

पण ब्रँडबद्दल कुजबुज सुरू झाली की गाडी स्टॉकमध्ये पडून राहते. 6 लाखांच्या गाडीवर 10 टक्क्यांनी महिन्याला 5 हजार व्याज. दोन महिने पडली की 10 हजार गेले. म्हणजे आता 40 नाही, 80 गाड्या विकायच्या, आणि गिऱ्हाईक तर आधीच कमी झालंय! डिस्काउंट तर मी अजून धरलाच नाही. डीलर बुडतो तो असा. कंपनीच्या घोषणेच्या किती तरी आधी.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ब्रँड वाचेल का, हे डीलरच्या हातात नाही. वर्कशॉप खर्चाचा किती हिस्सा उचलतं, ते आहे. वरच्या उदाहरणात 60 टक्के. तो 80-90 वर असेल तर दुसरी डीलरशिप शोधायला वेळ मिळतो.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. जुन्या गाड्यांची सर्व्हिस चालू ठेवू, असं कंपनीने सांगितलं होतं. पण नवीन गाडी रस्त्यावर येतच नाही म्हटल्यावर दरवर्षी वर्कशॉपमध्ये येणाऱ्या गाड्या घटणारच. त्यामुळे इतर कंपन्यांच्या गाड्या घेता येतील का, हे करारात आजच बघा. आणि जागेचा भाडेकरार किती वर्षं बाकी आहे, तेही. शोरूम बंद झालं तरी घरमालक थांबत नाही!