वसुलीचा फोन आला तर

सासूबाईंच्या बायपासला विम्याची रक्कम पुरली नाही आणि उरलेलं बिल ह्यांच्या क्रेडिट कार्डावर गेलं. पाठोपाठ चाकणच्या कारखान्यातली ह्यांची नोकरी गेली. काही महिने मिनिमम ड्यू भरला, मग तेही जमेना.

मिनिमम ड्यूचं गणित समजून घ्या. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला 42 टक्के. एक लाख थकले तर महिन्याचं व्याज 3,500 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 630. तुम्ही 5,000 भरलेत तर मुद्दलातून जेमतेम 870 जातात. म्हणून भरणं अवघड होतंय असं दिसताच, हप्ता चुकायच्या आधीच बँकेला लेखी कळवा आणि थकबाकीचे हप्ते बांधून मागा. हप्त्यांचा व्याजदर बहुधा कार्डापेक्षा बराच कमी असतो.

सुरुवातीचे फोन गोड असतात. 'सर, आज भरताय ना?' थकबाकी जुनी झाली की फाइल एजन्सीकडे जाते आणि आवाज बदलतो. 'पोलीस निघालेत', 'संध्याकाळपर्यंत वॉरंट निघेल'. आमच्या वसुलीवाल्याने तर शेजारच्या काकूंना फोन करून ह्यांनी पैसे बुडवल्याचं सांगितलं. त्या रात्री दाराशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, काही अडचण आहे का?" मला तोंड वर करून बघवेना. आता मात्र ठाम वाटतं, आजारपणात झालेल्या कर्जाची लाज आम्ही बाळगायचं काही कारण नव्हतं.

कार्डाची थकबाकी ही दिवाणी बाब आहे. पैसे भरता आले नाहीत एवढ्यावरून पोलीस कुणाला उचलत नाहीत. बँक दावा लावू शकते. पण पगारावर किंवा घरातल्या वस्तूंवर जप्ती आणायला कोर्टाचा हुकूम लागतो. चेकचं मात्र वेगळं आहे. दिलेला चेक वटला नाही तर कलम 138 खाली फौजदारी खटला होतो, तेव्हा 'नुसता सिक्युरिटीला ठेवा' म्हणून कुणी कितीही गळ घातली तरी चेक देऊ नका. व्हॉट्सअॅपवर लोक अदालतीच्या नावाचा कागद आला तर तो खरा की खोटा हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारता येतं. कोर्टाचं खरं समन्स आलं तर मात्र हजर राहायलाच हवं.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावलं आहे की वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायचे नाहीत, धमकी-शिवीगाळ करायची नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास देऊन कर्जदाराची अब्रू काढायची नाही. एजंट बँकेचा नाही, एजन्सीचा माणूस आहे, असं म्हणून बँकेला हात झटकता येत नाहीत.

एका दुपारी दोघं घरी आले. मी दाराची साखळी न काढताच ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागितलं. ओळखपत्र होतं; पत्राऐवजी मोबाइलमधला धूसर फोटो पुढे केला. "पत्र घेऊन या दादा, मग बसून बोलू," म्हटलं. थोडी कुरकुर करून गेले.

त्यानंतर मी मुलीच्या जुन्या वहीत प्रत्येक फोनची नोंद ठेवू लागले: तारीख, वेळ, नंबर, नाव, काय बोलला. जमेल तिथे रेकॉर्डिंगही केलं. ते सगळं जोडून बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. त्यात देणं नाकारलं नाही, फक्त वागणुकीची तक्रार केली आणि आम्हाला झेपेल तो आकडा मांडला. शेजाऱ्यांना जाणारे फोन बंद झाले. 30 दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करा. त्याला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. मारहाणीची धमकी असेल तर तेवढं थांबू नका, सरळ पोलीस चौकी गाठा.

तडजोडीची वेळ आली की एजंट म्हणतो, 'आज पन्नास टक्के टाका, फाइल बंद.' फोनवरच्या या बोलण्याला काही किंमत नाही. बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि 'पूर्ण व अंतिम' असा उल्लेख असलेलं पत्र आधी घ्या. पैसे कार्डाच्या खात्यातच भरा, एजंटच्या यूपीआयवर कधीही नाही. भरल्यावर नो ड्यूज पत्र मागून घ्या. एक किंमत मोजावी लागते: सूट घेऊन मिटवलेलं खातं सिबिलच्या अहवालात 'सेटल्ड' दिसतं आणि पुढचं कर्ज मिळणं अवघड होतं. पुढेमागे घरासाठी कर्ज काढायचं असेल तर वेळ लागला तरी पूर्ण रक्कम भरून 'क्लोज्ड' करून घेणंच मला बरं वाटतं. आम्ही तेच केलं. अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. खातं मिटल्यावर दोन-तीन महिन्यांनी तो काढून नोंद बदलली का ते बघा. नसेल तर नो ड्यूज पत्र जोडून सिबिलकडे आणि बँकेकडे दुरुस्ती मागा.