आपल्या थंडीचे रंग

मार्गशीर्ष सरत आला होता. सातपुड्यावरून येणारा गार वारा यावलच्या गल्ल्यांतून अंगाला झोंबत होता. शेजारची पाच-सहा लहान मुले आमच्या ओट्यावर कोवळे ऊन खात बसली होती. मी त्यांना म्हटले, "बाळांनो, हिवाळ्याचे चित्र काढा पाहू." थोड्या वेळाने पाहतो, तो प्रत्येकाच्या कागदावर बर्फाचे डोंगर आणि बर्फाचा बाहुला! छापील भेटकार्डांवर पाहिलेले चित्रच त्यांनी उतरविले होते. यावलला बर्फ कोणी पाहिला आहे?

मी रागावलो नाही. रात्री बाभळीचा डिंक पाण्यात भिजत घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलांना शिवारात नेले. हरभऱ्यावर दव होते. केळीच्या बागांवर धुके उतरले होते आणि बांधावर ओला पालापाचोळा धुमसत होता. "आजोबा, हा धूर कशाला?" एका मुलाने विचारले. मी सांगितले, "कडक थंडीत केळीची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात. म्हणून शेतकरी रात्री बागेला पाणी देतो, बांधावर धूर करतो." तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, "माझे बाबा काल रात्रभर बागेतच होते."

येताना मुलांनी काळी माती आणली. घरी आल्यावर गेरूचा खडा कुटला, हळद घेतली, पांढऱ्या खडूची पूड केली. चुना डोळ्यांत गेल्यास इजा करतो, म्हणून तो टाळला. कपाशीच्या काड्यांवर वांग्याचे भरीत भाजून उरलेला कोळसाही कामी आला. सर्व पुडी वस्त्रगाळ करून त्यांत डिंकाचे पाणी कालविले. नुसत्या पाण्यातील पूड वाळल्यावर झडून जाते. डिंक मात्र तिला कागदाशी धरून ठेवतो. हळदीत किंचित कोळसा मिसळताच मळकट हिरवा रंग झाला, तेव्हा मुलांनी टाळ्या पिटल्या. कडुनिंबाच्या काड्यांची टोके चेचून कुंचले केले. पांढरा रंग उठून दिसावा, म्हणून कागद तपकिरी घेतला.

आता कोणाच्याही चित्रात बर्फ नव्हता. दव होते, शेकोटी होती, घोंगडी पांघरलेले आजोबा होते. त्या मुलीने खडूच्या पांढऱ्या रंगाने धुके काढले होते. त्यात गेरूचा लाल विस्तव आणि त्याच्याजवळ उभा असलेला एक माणूस. "हे बाबा," ती म्हणाली.

जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रकारांनीही गेरू, पिवळी व हिरवी माती आणि काजळी असे रंग वापरले. त्यांची चित्रे दीड हजार वर्षांनंतरही आपल्याशी बोलतात. हळदीचा रंग उन्हाने उडतो, मातीचा टिकतो. त्या मुलीच्या चित्रातील पिवळी पाने आज फिकी झाली आहेत. पण बाबांजवळचा विस्तव अजून तसाच लाल आहे.

मुलांनो, दूरच्या देशांतील हिवाळाही सुंदर असतो, तो अवश्य पाहावा. परंतु आपल्या दारी आलेली थंडी आणि त्या थंडीत आपल्यासाठी जागणारी माणसे आधी डोळे भरून पाहावीत. ज्याने पाहिले, त्यालाच रेखाटता येते.

स्वाध्याय
१. मुलांच्या पहिल्या चित्रांत कोणती उणीव होती?
२. रंगात डिंक का घालतात?
३. धाकट्या भावंडांना सोबत घेऊन घरी रंग तयार करा व तुमच्या गावच्या हिवाळ्याचे चित्र काढा.
४. थंडीत रात्री काम करणाऱ्या एखाद्या व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा.