लांब पल्ल्याचे पोहणे आणि पोटरीतील पेटके

प्रश्न (राजापेठ, अमरावती): धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया या सुमारे 36 किलोमीटरच्या सागरी पल्ल्याची तयारी तलावात करताना पायात येणारे पेटके कसे टाळावेत?

उत्तर: पेटका म्हणजे स्नायूचे अनैच्छिक, वेदनादायी आकुंचन. पोहताना पाऊल मागे ताणलेले असल्याने पोटरी आखडलेली राहते आणि ती थकली की तिच्या चेतातंतूंवरील नियंत्रण सुटते, असे आज बहुधा मानले जाते, त्यामुळे सगळा दोष मीठ-पाण्याच्या कमतरतेला देणे अतिरंजित ठरते. म्हणून अंतर आठवड्यागणिक हळूहळू वाढवावे, घोटा सैल ठेवावा आणि तलावाच्या भिंतीला जोरदार रेटा देणे टाळावे, कारण समुद्रात ती भिंत नसतेच. पेटका आलाच, तर उताणे तरंगून पायाची बोटे नडगीकडे ओढावीत, म्हणजे स्नायुबंधातील ताण ओळखणारे संवेदक आकुंचनाला आवर घालतात.