कागद सगळे, जागेचा तेवढा नाही

नाश्त्याची गाडी लावू म्हणणारं कुणी भेटलं की काकू आधी त्याला खाली बसवतात आणि मग सुनावतात, "परवाना काढा, कर्ज घ्या, क्यूआर कोड चिकटवा, हे सांगायला सगळे येतात. गाडी उचलायला येतात ते वेगळे." बोलताना आवाज अजूनही चढतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरात, औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या पोहे, उपीट आणि साबुदाणा खिचडी विकत होत्या. पहिल्या पाळीचे कामगार त्यांचं बांधलेलं गिऱ्हाईक.

त्यांचा राग समजून घ्यायचा तर त्यांची फाइल बघावी लागते. अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी त्यांनी काढलेली होती. तेव्हाच्या नियमानुसार वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल असलेल्याला नोंदणी पुरायची आणि शुल्क वर्षाला 100 रुपये. तो 14 अंकी क्रमांक लॅमिनेट करून गाडीच्या काचेवर लावलेला. सिलिंडर 19 किलोचा, व्यावसायिक. शेजारचे दोघे घरगुती लाल टाकीवर बिनधास्त भजी तळायचे. काकूंनी कधी वर्तमानपत्रात पोहे बांधून दिले नाहीत, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. पीएम स्वनिधी योजनेतलं 10 हजारांचं पहिलं कर्जही होतं आणि त्याचा एकही हप्ता चुकलेला नव्हता.

आणि उचलली गेली ती त्यांची गाडी.

अतिक्रमणवाल्यांचा टेम्पो आला तेव्हा पहिला घाणा नुकताच उतरला होता. काकूंनी काचेवरचा क्रमांक दाखवला. पथकातल्या साहेबांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "मावशी, हा पोह्यांचा परवाना झाला. गाडी उभी आहे त्या जागेचा दाखवा." काकूंनी कर्जाच्या वेळचं शिफारसपत्र पुढे केलं. ते त्याच महापालिकेनं दिलेलं, खाली त्याच महापालिकेचा शिक्का. साहेब म्हणाले, "ते कर्जापुरतं."

काकूंना सगळ्यात जास्त झोंबतं ते हे. शिफारसपत्र देणारी खिडकी आणि जप्तीचा आदेश काढणारं टेबल एकाच इमारतीत. एकानं पथविक्रेता म्हणून कर्ज मिळवून दिलं, दुसऱ्यानं पथविक्रेता मानायलाच नकार दिला. हा फरक काउंटरवर कुणीही सांगितला नव्हता. बोलणं चालू असतानाच माणसांनी कढई गरम असताना खाली ठेवली, भिजवलेल्या पोह्यांची परात पानटपरीच्या फळीवर सरकवली आणि शेगडी, टाकी, खिचडीचा डबा, लिंबांची पिशवी असं सगळं टेम्पोत टाकलं. यादी मागितली तर उत्तर आलं, "गोडाऊनला या."

"जागेचं मी बघतो" म्हणून रोज पैसे नेणारा एक दादा होता. पावती कधीच नाही. त्या सकाळी त्याचा फोन बंद. दुसऱ्या दिवशी स्वतःच उगवला, तोही नवा दर सांगायला.

कायदा काय म्हणतो ते काकूंना पुढे फेरीवाल्यांच्या संघटनेतल्या एका कार्यकर्त्यानं वाचून दाखवलं. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचं संरक्षण आणि पथविक्रीचं विनियमन करणारा कायदा 1 मे 2014 पासून लागू आहे. माल जप्त केला तर त्याची यादी करून प्रत विक्रेत्याला द्यायची. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी परत द्यायचा आणि बाकीचा दोन कामकाजी दिवसांत; शुल्क अर्थात भरावं लागतं. विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन पथविक्रीची प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवायचं नाही, हेही त्यातच आहे.

खरी गोम या सर्वेक्षणात आहे. ते किमान पाच वर्षांतून एकदा व्हायला हवं. दोन सर्वेक्षणांच्या मधे गाडी लावणाऱ्याला प्रमाणपत्र मिळूही शकतं, पण त्या विभागात जागा शिल्लक असेल तर. आणि जागा शिल्लक आहे असं ऐकायला कुणाला मिळतं? मुंबईचंच बघा. 2014 च्या सर्वेक्षणात सुमारे 99 हजार अर्ज आले. दहा वर्षांनी, ऑगस्ट 2024 मध्ये, नगर पथविक्रेता समितीची निवडणूक झाली तेव्हा मतदारयादीत पात्र विक्रेत्यांची नावं होती 32,415. उरलेले लोक काही गावी परत गेलेले नाहीत. ते वडे तळतच आहेत.

म्हणून काकूंचा पहिला सल्ला असा, की गाडी बनवायला टाकण्याआधी प्रभाग कार्यालयात जाऊन त्या रस्त्याबद्दल विचारा. तो फेरीवाला क्षेत्रात आहे की ना-फेरीवाला क्षेत्रात, हे लेखी मागा. अर्ज दिला की आवक क्रमांकाची पोच घ्या. तोंडी उत्तराला काडीची किंमत नाही. रोज गाडी लावल्यावर सामानासकट एक फोटो काढून ठेवा. टेम्पो आलाच तर वाद घालण्यात वेळ दवडू नका, आधी त्याचा नंबर टिपा. यादी दिली नाही तर आपणच यादी लिहून त्याच दिवशी अर्ज द्या आणि त्यात नाशवंत माल वेगळा दाखवा. गॅस एजन्सीची अनामत पावती घरी ठेवा. गोडाऊनमध्ये टाक्यांची रास असते आणि आपली कुठली हे त्या कागदाशिवाय कुणी मानत नाही.

बाकी नेहमीचंच. हात धुवा, पाणी झाकून ठेवा, गिऱ्हाइकाशी गोड बोला, उधारी वाढू देऊ नका. हे काकू भराभर उरकतात.

एका गोष्टीवर मात्र त्या थांबतात. जप्तीनंतर एक गृहस्थ स्वतःचं प्रमाणपत्र भाड्यानं द्यायला आले होते. अकरा महिन्यांचा करार, वर अनामत. कायद्यानं प्रमाणपत्र भाड्यानं देता येत नाही. विक्रेत्यानं स्वतः किंवा घरच्या माणसानंच धंदा करायचा असतो. काकूंनी त्यांना विचारलं, "टेम्पो आला तर उभे कोण राहणार, तुम्ही की मी?" गृहस्थ म्हणाले, "आमची वरपर्यंत ओळख आहे." काकूंनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

आता त्यांनी एका वसतिगृहाजवळ छोटा गाळा घेतला आहे. भाड्यात नफ्याचा मोठा भाग जातो, आणि पाळीवरून सुटलेले कामगार एवढ्या लांब येत नाहीत. गाडी दंड भरून सुटली, पण शेगडीचे दोन्ही पितळी बर्नर गायब होते. त्याबद्दलच्या अर्जाची पोच काकूंकडे आहे. उत्तर अजून आलेलं नाही, म्हणून पुढचा अर्ज त्या तक्रार निवारण समितीकडे देणार आहेत.