डबा शोधा, नाव लिहा

लपंडाव आपण सर्वांनी खेळला आहे. त्यात माणूस लपतो. डबा लपवून ठेवण्याचाही एक खेळ आहे. लहानांबरोबर मोठी माणसेही तो खेळतात. त्याला जिओकॅशिंग म्हणतात.

अमेरिकेत ऑरेगन नावाचे राज्य आहे. तेथे विलॅमेट नदी वाहते. तिच्या काठी शाम्पूई हे गाव होते. २ मे १८४३ रोजी तेथे वसाहतीतील लोक जमले. आपले सरकार आपणच स्थापायचे, असे त्यांनी ठरवले. त्यांच्यातील एक पुढारी रॉबर्ट न्यूएल यांनी १८५२ साली तेथे आपले घर बांधले. जागा निवडली ती उंचवट्यावरची. डिसेंबर १८६१ मध्ये नदीला महापूर आला. गाव वाहून गेले. न्यूएल यांचे घर मात्र वाचले आणि बेघर झालेल्यांना तेथे आसरा मिळाला. पुढे ते घर मोडकळीस आले. १९५९ साली ते पुन्हा बांधले.

याच मुलखात, या घरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, हा खेळ जन्मला. तो कसा, ते बघा.

आकाशात सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे उपग्रह फिरतात. ते सतत खुणेचे संदेश पाठवतात. आपल्या हातातले यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश घेते आणि आपण कोठे आहोत ते सांगते. पूर्वी सामान्य लोकांसाठी हे संदेश मुद्दाम अंधुक ठेवले जात. २ मे २००० रोजी ते बंधन उठले. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवली आणि जागेचे आकडे लोकांना कळवले. काही दिवसांतच लोकांनी ती हुडकून काढली.

आता हे आकडे कसले? आपल्या शेताला गट नंबर असतो. तसेच पृथ्वीवरच्या प्रत्येक जागेला दोन आकडे असतात. एक अक्षांश, दुसरा रेखांश. त्या बादलीचा अक्षांश होता ४५ अंश १७.४६० मिनिटे उत्तर. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १,८५० मीटर. समजा, १७ च्या जागी चुकून १८ लिहिले. मग शोधणारा जवळजवळ दोन किलोमीटर भलतीकडे जाईल! म्हणून आम्ही म्हणतो, आकडा लिहिला की एकदा पुन्हा वाचावा.

डब्यात एक वही असते. डबा सापडला की वहीत आपले नाव आणि तारीख लिहायची. नाव नाही, तर शोध धरत नाहीत. काल अंगठा उठवणारा माणूस आज सही करतो, तेव्हा त्याला काय वाटते, हे आपल्याला सांगायला नको. डब्यातली एखादी वस्तू घेतली, तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची. मग डबा होता तेथेच पुन्हा लपवायचा.

खेळ झाला तरी त्याला शिस्त हवी. जमीन ज्याची, त्याची परवानगी आधी घ्यावी. डबा जमिनीत पुरू नये. जुन्या घराच्या भिंती उकरू नयेत, दगड हलवू नयेत. डब्यात खाऊ ठेवू नये, कारण वासाने जनावरे येतात आणि डबा फोडतात. नदीकाठी तर पुराची रेघ पाहून तिच्या वरच डबा ठेवावा. घर असो की डबा, पाणी कोणाला ओळखत नाही. न्यूएल यांच्या घराने हेच दाखवले.

आपल्याकडेही नदीकाठी जुने वाडे आणि घाट आहेत. ते पाहावेत, त्यांची माहिती लिहून ठेवावी. आपले नाव मात्र वहीत लिहावे, भिंतीवर नव्हे.

उत्तरे लिहा
१. न्यूएल यांचे घर पुरातून का वाचले?
२. आकडा चुकला तर काय होईल?
३. आपल्या गावात पुराचे पाणी कोठवर आले होते? वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.