कमी वाटणं आणि न वाटणं

अगं, फोनवर तू विचारलंस ना, "ताई, मला शरीरसंबंधांत रसच नाही, मग मी असेक्शुअल आहे का?" घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून आज निवांत लिहिते.

इच्छा महिन्यातून किती वेळा होते, ते मोजून याचा उलगडा होत नाही. मन कुणाकडे ओढलं जातं का, ते आधी बघ. एखाद्या विषमलिंगी बाईला महिनोन् महिने नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही, तरी कधीतरी कुणा पुरुषाला बघून तिच्या अंगावर शहारा येतोच. तिची ओढ पुरुषाकडेच आहे, फक्त ती क्वचित जागी होते. असेक्शुअल व्यक्तीला मात्र पुरुष असो वा बाई, कुणाहीबद्दल तसं शारीरिक आकर्षण वाटत नाही, निदान सहसा नाही. मैत्रिणी ज्याच्यावर फिदा होतात तो तिलाही देखणा दिसतो, पण भिंतीवरचं चित्र देखणं दिसावं तसा.

आणि हे नीट ऐक, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. शरीराची इच्छा असेक्शुअल माणसालाही असू शकते. ती कुणा दुसऱ्या माणसाकडे वळत नाही, एवढंच. प्रेमात पडणारे, संसार हवा असणारे, मूल हवं असणारे असेक्शुअल लोक आहेत. काहींना प्रेमही नको असतं. खूप जवळीक झाल्यावरच ज्यांना आकर्षण वाटतं, असेही काही आहेत. ब्रह्मचर्याशी याची गल्लत करू नकोस. ते माणूस ठरवून पाळतं.

आता मला सांग, पूर्वी तुला वाटायचं का? वाटायचं आणि आटलं असेल, तर डॉक्टरांना दाखव. थायरॉईड, मधुमेह, नैराश्य, नैराश्यावरच्याच काही गोळ्या, बाळंतपण, अंगावर पाजणं, पाळी जाण्याचा काळ, नाहीतर नुसता दिवसभराचा शीण आणि घरातला अबोला, यांतल्या कशानेही इच्छा मंदावते. वयात आल्यापासून कधीच, कुणाबद्दलच वाटलं नसेल आणि त्याची तुला खंतही नसेल, तर त्यात बरं करण्यासारखं काही नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत आल्फ्रेड किन्सेने 1948 साली माणसांच्या लैंगिक कलाची मोजपट्टी केली, तेव्हा तिच्यात न बसणाऱ्यांसाठी 'एक्स' हा वेगळा गट ठेवला होता. 2004 मध्ये अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधल्या 18 हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा सुमारे 1 टक्का लोकांनी आपल्याला कधीच कुणाबद्दल लैंगिक आकर्षण वाटलं नाही असं सांगितलेलं होतं. आणि 2013 सालच्या अमेरिकी मनोविकार पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, की जी व्यक्ती स्वतःला असेक्शुअल मानते तिच्या इच्छेच्या अभावाला विकार म्हणायचं नाही.

आता तुझ्या स्थळाबद्दल. काकू म्हणेल, "लग्न झालं की सगळं सुरळीत होतं." तिची माया मला कळते, पण एवढ्या भरवशावर तू बोहल्यावर चढू नकोस. लग्नाने आकर्षण निर्माण होत नाही, आणि समोरच्या मुलालाही हे आधी कळण्याचा हक्क आहे. स्वतःला कुठलं नाव द्यायचं ते आज नाही ठरलं तरी चालेल. स्थळाला होकार देण्याआधी मात्र त्या मुलाशी एकटीने, मोकळेपणी बोल. काकूशी मी बोलते, तू नुसती शेजारी बस.