पोर्टफोलिओची वेबसाइट: आधी पाटी, मग गाळा



डिझाइनचा व्यवसाय सुरू करणारे बरेच जण विचारतात, "सर, पोर्टफोलिओ कशावर बनवू? विक्सवर की वर्डप्रेसवर?" त्यावर माझा प्रश्न असतो, "डोमेन कुणाच्या नावावर आहे?"

आमच्या बॅचमधल्या एक ताई इंटिरिअर डिझाइनची कामं करतात. वेबसाइट छान होती. पण ती बनवून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या ईमेलवरून घेतलं होतं. वर्षभराने मुदत संपली, त्याचा फोन लागेना, साइट बंद! पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापून तयार होती, ती सगळी वाया गेली.

म्हणजे बघा, डोमेन ही आपल्या दुकानाची पाटी आणि प्लॅटफॉर्म हा भाड्याचा गाळा. गाळा बदलला तरी पाटी आपल्यासोबत आली पाहिजे. गूगल बिझनेस प्रोफाइलवरून बनवलेल्या मोफत वेबसाइट्स गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं, त्यांना ते नव्या साइटला जोडता आलं. बाकीच्यांचा पत्ताच बदलला.

आता गाळे पाहू.

बिहान्स: मोफत. आज खातं उघडा, आज काम टाका. पण ग्राहक आपलं काम बघता बघता दुसऱ्या डिझायनरच्या पानावर सहज जातो.

ॲडोबी पोर्टफोलिओ: क्रिएटिव्ह क्लाउडचं सबस्क्रिप्शन असेल तर वेगळा खर्च नाही. स्वतःचं डोमेन जोडता येतं. सबस्क्रिप्शन थांबलं की साइटही थांबते.

विक्स: शिकायला सोपं. मात्र मोफत प्लॅनमध्ये विक्सची जाहिरात दिसते आणि स्वतःचं डोमेन जोडता येत नाही. तयार साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही.

वर्डप्रेस, स्वतःच्या होस्टिंगवर: सॉफ्टवेअर मोफत, होस्टिंग विकत. साइट दुसरीकडे हलवता येते. पण अपडेट आणि बॅकअप आपणच सांभाळायचे.

मग घ्यायचं काय? क्रिएटिव्ह क्लाउडचे पैसे भरतच असाल, तर ॲडोबी पोर्टफोलिओ. नसाल, तर बिहान्सवर सुरुवात करा आणि आपलं डोमेन तिकडे फॉरवर्ड करून ठेवा. कामं वाढली की वर्डप्रेसवर जा. कार्डावरचा पत्ता तोच राहील.

आजचा गृहपाठ

१. डोमेन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून घ्या. पहिल्या वर्षाच्या ऑफरला भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर आधी बघा.
२. ऑटो-रिन्यूअल चालू करा. तरी मुदतीची तारीख डायरीत लिहाच.
३. सगळी कामं टाकू नका. उत्तम सहा निवडा. प्रत्येकाखाली दोन ओळी: ग्राहकाची अडचण काय होती, आपण काय केलं.
४. मूळ फाइली वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.

गाळा कोणता घ्यायचा यावर महिनाभर डोकं खाजवत बसू नका. पाटीचं काम मात्र आजच उरका.

चला, भेटू पुढच्या धड्यात!